आबांची इंग्रजी चिठ्ठी

एकोणनव्वदच्या जूनमध्ये धावड्याहून सकाळची एसटी निघाली, तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, खिडकीखाली उभे होते. नीट राहा, जपून जा असलं काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "सांग बरं, आज काय काय केलं?" मी मस्कतला चाललो होतो. माय पदर तोंडाला लावून मागे उभी होती. आणि मी भरल्या एसटीत मोठ्यानं म्हणालो, "वी मिल्क्ड बफलोज. वी पॅक्ड बॅग्ज. वी टच्ड फीट." कंडक्टर हसला. आबांना इंग्रजी कळत नव्हतं, पण त्यांनी तिन्ही वाक्यं मान डोलावत ऐकून घेतली आणि ते बाजूला झाले.

गावात राहिले त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि माझ्यासारखे निघून गेले त्यांच्यासाठीही. आमच्या घरात ही पद्धत कशी पडली ते आधी सांगतो. आठवीत आमचे इंग्रजीचे सर फळ्यावर तीन रकाने आखत. पहिल्यात माणसं, दुसऱ्यात उरकलेली कामं, तिसऱ्यात वस्तू, आणि त्या नेहमी ढीगभर. पॉट्स, मँगोज, चिलीज. कुठलाही शब्द उचलायचा, शेजारच्याला जोडायचा, झालं वाक्य. एवढं आलं तरी पोटाला कमी पडणार नाही, असं सर सांगत. चौथी शिकलेल्या आबांना हे फार पटलं. त्यांनी माझ्याकडून तो तक्ता जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतला आणि गोठ्याच्या भिंतीला ठोकला. रोज संध्याकाळी ते धार काढायचे आणि मी दिवसभराची कामं इंग्रजीत सांगायची. मिरच्या तोडल्या, वी पिक्ड चिलीज. पोती शिवली, वी स्टिच्ड बॅग्ज. मायला याचं काडीचं कौतुक नव्हतं. एकदा ती म्हणाली, "ह्या इंग्रजीत कुणी रडत न्हाई का रं? नुसती कामंच करून राह्यलेत."

सरांचं म्हणणं खरं ठरलं. जालन्याला आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन झालो. मुंबईत मस्कतच्या नोकरीच्या मुलाखतीला साहेबानं आजवर काय काम केलं ते विचारलं, तर मी तक्ताच म्हणून दाखवला. आय रिपेअर्ड मोटर्स. आय चेंज्ड फ्यूजेस. त्यांनी घेतलं.

ठरलं होतं दोन वर्षांचं. दोन वर्षांनी यायचं आणि भोकरदनला मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकायचं. आबांनी मी गेलो त्याच वर्षी दुकानासाठी टिनाचे पत्रे आणले आणि गोठ्याला टेकवून ठेवले. दोनाचे चार झाले, चाराचे सात. लग्न झालं, बायको इकडे मस्कतला आली, मुलगी इथल्या शाळेत जायला लागली. आबांच्या प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी असायचं की पत्र्यांना रंग दिलाय, गंजणार नाहीत. म्हशी म्हाताऱ्या झाल्या तर त्यांनी बदलून दुसऱ्या आणल्या, कारण मी आल्यावर दूध लागणार. मी लिहायचो, पुढच्या वर्षी नक्की.

मस्कतमध्ये शिफ्ट संपली की रजिस्टरमध्ये दिवसाचं काम लिहावं लागतं. क्लीन्ड फिल्टर्स. रिप्लेस्ड बल्ब्ज. चेक्ड पॅनल्स. माझा हात त्यात इतका बसला की माझ्या चिठ्ठ्याही हळूहळू तशाच होत गेल्या. औषधं पाठवली, फोटो काढले, रूम बदलल्या. माय गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. राख सावडून झाली होती. लोक गळ्यात पडून रडत होते आणि मी त्यांना विमान किती वाजता सुटलं, एसटी कुठं बदलली ते सांगत होतो. मला काही वाटत नव्हतं असं नाही, पण काय वाटतंय ते कळत नव्हतं. आजही फारसं कळत नाही. दहाव्याला आबांनी विचारलं, "मंग कवा येतो आता?" मी म्हणालो, पुढच्या वर्षी.

त्यानंतर तीन वर्षांनी त्यांची ती चिठ्ठी आली. सगळी इंग्रजीत, त्यांच्याच हातची. एकेक अक्षर तक्त्यावरून कोरून काढलेलं. नसलेले शब्द त्यांनी शाळेत जाऊन नव्या मास्तरांना विचारले असणार. आय सोल्ड बफलोज. आय सोल्ड शीट्स. आय गेव्ह कीज. म्हणजे म्हशी विकल्या, पत्रे विकले, किल्ल्या दिल्या. खाली मराठीत दोनच ओळी होत्या. मराठीत लिवायला हात उचलंना. आता मी कुंभार पिंपळगावला तुझ्या आत्याकडं जाऊन राहीन.

जेवणाच्या सुट्टीत मी ती वाचली. रडू आलं नाही. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. आता पुढच्या वर्षी असं लिहायला लागणार नव्हतं. चिठ्ठी खिशात घातली आणि वर जाऊन पंखे बसवले. बायको म्हणाली, आजच फोन करा. मी तीन आठवडे केला नाही. मग एका शुक्रवारी संध्याकाळी गावच्या पीसीओवर लावला आणि आबांना बोलावून घेतलं. ते आले ते धापा टाकत.

मी म्हणालो, "बराबर केलं, आबा."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "हां. मंग ठेवतो."

पुढच्या वर्षी खरंच गेलो. गोठा रिकामा होता, घर चुलतभावाच्या ताब्यात. किल्ल्या काढता काढता तो सहज बोलून गेला, "चिठ्ठी टाकली तवा म्हशी दावणीलाच व्हत्या की रे. पत्रे बी हितंच. तुझा फोन येऊन गेला अन् मंग दुसऱ्या दिशी इकलं समदं. तवर रोज सकाळी पीसीओवर जाऊन बसायचे."

तक्त्यात फक्त उरकलेली कामं होती; विकू का, असं विचारायला त्यात शब्दच नव्हता. आबांना मी काही विचारलं नाही. आत्याच्या ओसरीवर आम्ही चहा प्यायलो, पाऊसपाण्याचं बोललो.

इथं मस्कतच्या घरात माझ्या नावाची पाटी आहे, एसी आहेत, मुलीची कपाटं आहेत. पण घर कशाला म्हणायचं असं कुणी विचारलं, तर मला तेवढाच महिना आठवतो. म्हशी दावणीला होत्या, पत्रे गोठ्याला टेकलेले होते, आणि आबा रोज सकाळी पीसीओच्या बाकावर बसून मी "विकू नका" म्हणेन म्हणून वाट बघत होते.