साठ तासांना एक मिनिट कमी

चुन्याच्या कारखान्यातला फिरता ढोल रात्रंदिवस चालायचा, आणि साधारण साठ तासांनी त्याच्या चाकांतून एकदाच ‘धाड्’ असा आवाज यायचा. थोरला मिस्त्री चाकांत पडलेला पाना काढायला वाकला आणि तिथंच संपला, तेव्हापासूनचं हे. पाना भरडून निघाला तो तिन्ही चाकांचा एकेक दात मोडून.

कामगार म्हणायचे, थोरला येतो. त्या सुमाराला ढोलापाशी कुणी फिरकेना. शेवटी मुकादमाकडं गेले, “चाक बदला, नाहीतर आम्ही चाललो.”

बदलायचं कुणी? तर धाकट्या मिस्त्रीनं, सख्ख्या भावानं. आणि कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारी वहिनी म्हणाली, “हात लावलास तर माझं तोंड बघू नकोस.”

एका दुपारी धाकटा तिच्याकडं गेला आणि खडूनं फरशीवर मांडायला बसला. “वहिनी, पहिल्या चाकाला दात त्रेपन्न, मधल्याला एकोणसाठ, शेवटच्याला एकसष्ट. दादानंच निवडले असे वाकडे आकडे. का, तर एकाच दातानं एकाच दाताला रोज घासू नये.”

“त्याचं डोकं होतंच तसं. तू पाढे म्हणताना मार खायचास.”

“ऐक तर. तिघांचा गुणाकार एक लाख नव्वद हजार सातशे सत्तेचाळीस. याला दोनानं भाग जात नाही, तीनानं नाही, सातानं नाही. दादाच्या या तीन आकड्यांवाचून हा फुटतच नाही. म्हणून तेवढे दात सरकल्याशिवाय तिन्ही मोडके दात पुन्हा त्याच जागी येत नाहीत. आले की दणका. भूतबित काही नाही.”

“आणि वेळ?”

“पहिलं चाक मिनिटाला एक फेरा घेतं. त्रेपन्नानं भागलं की तीन हजार पाचशे नव्व्याण्णव मिनिटं. साठ तासांना एक मिनिट कमी.”

वहिनी फरशीकडं बघत राहिली. “म्हणजे दर खेपेला एक मिनिट आधी?”

“हो.”

“तो कामावर कायम मिनिटभर आधीच जायचा,” ती म्हणाली. “एवढा हिशेब केलास, वेड्या, आणि निघालं काय? तोच.”

धाकट्यानं तळहातानं आकडा पुसला. पांढरा डाग काही जाईना.

ढोल साफसफाईला थांबला, तेव्हा त्यानं मधलं चाक बदलून टाकलं. ढोल पुन्हा सुरू झाला. आवाजाची वेळ आली तसे सगळे घड्याळाखाली गोळा झाले. ढोल नुसता घरघरत राहिला. एकजण म्हणाला, “गेला बाबा सुटून!” आणि सगळे मोकळेपणी हसले. धाकटाही हसला, पण आपला हात कधीचा कानाशी गेलाय हे त्याला मागाहून कळलं.

तो तसाच वहिनीकडं गेला. दार सताड उघडं. ती चौकटीला धरून उभी.

“आला नाही,” ती म्हणाली.

“वहिनी, येणारच नव्हता. मी चाक...”

“कळलं रे मला. चांगलं समजावलं होतंस.” ती बाजूला झाली नाही. “दणका आला की मी दार उघडायची. साठ तासांनी दुसरा आला की समजायचं, परत गेला, आणि लावून घ्यायची. आज घड्याळ बघून उघडलंय. आता लावू कधी, ते सांग.”

धाकटा बाहेरच उभा राहिला. आत जावं, तर तिनं दार उघडलं होतं ते त्याच्यासाठी नव्हतं.