गव्याला घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या आईला जगात कशाचीच भीती वाटत नाही, असं आम्ही समजत होतो. पण गेल्या हंगामात धारगळच्या आमच्या डोंगरावर बोंडू (काजूफळं) गोळा करताना तिच्यासमोर गवोरेडो (गवा) उभा राहिला आणि तिने डोंगरच सोडला. तीस वर्षं तिने राखलेली बाग. यंदा काजू मोहरले, फळं धरली, तरी ती पायथ्याशीसुद्धा गेली नाही. म्हणून बोंडल्याच्या अभयारण्यात जायचं ठरलं, तिथे गवे कुंपणाआड असतात. निमित्त काय, तर माझ्या नऊ वर्षांच्या मीराला प्राणी दाखवायचे. आईने खरं कारण ओळखलं असावं, कारण निघताना तिने पिशवीत नारळ घातला.

डिचोलीत उंडे (गोल कडक पाव) आणि पातळभाजी खाल्ली. माझ्या बायकोने, सुषमाने, वाटेसाठी आणखी चार उंडे बांधून घेतले, ते उसगावपर्यंतही पुरले नाहीत. पुढे वळणावळणाच्या चढावर मीराला गाडी लागली आणि नव्या सीटकव्हरांची माझी हौस तिथेच फिटली.

दारावर रखवालदाराने पिशवी तपासली. "मावशे, हांगा जनावरांक कांय दिवपाचें ना," म्हणाला. नारळ त्याच्या टेबलावर राहिला. आई हिरमुसली. नारळ ठेवल्याशिवाय गाऱ्हाणं (देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं) घालायची आमच्याकडे रीत नाही.

सांबरं पाहिली, मगर पाहिली. अस्वल पाठ फिरवून झोपलं होतं. "पप्पा आयतवारी निजता तसाच," मीरा म्हणाली.

मग गव्याचं कुंपण आलं. आई दहा पावलं मागेच थांबली. तिने माझं मनगट घट्ट धरलं. मला फार वाईट वाटलं. उगाच आणलं हिला, असं वाटून मी परत फिरणार, तोच ती पदर सावरून पुढे झाली आणि हात जोडून खणखणीत आवाजात सुरू झाली.

"बा म्हाराजा, आज मी तुझ्या दारात उभी आसंय. तुका पोट आसा, तसा माकाय आसा. पडलेले बोंडू तू खा, पण झाडा मोडू नको. मी तुझ्या वाटेक येवचंय नाय, तू माझ्या वाटेक येव नको. चुकान गाठ पडलीच, तर दोघांनीय आपापल्या वाटेन जावचा!"

"व्हय म्हाराजा!" मागून आवाज उठला. सावंतवाडीहून आलेलं एक अनोळखी कुटुंब होतं, सवयीने हात जोडून उभं. गवत टाकणारा माणूसही त्यांच्यात सामील झाला होता. गव्याने कान हलवला आणि तो रवंथ करत राहिला.

"आयकल्यान," आई म्हणाली.

परतताना धारगळला ऊन अजून होतं. डोंगराच्या पायथ्याशी आईने गाडी थांबवायला लावली. मीही उतरलो.

"तू हयच रव. उद्यापासून माका एकटीकच येवचा आसा."

एक काठी उचलून ती चढू लागली आणि काजूंत दिसेनाशी झाली. मी गाडीला टेकून उभा राहिलो.

"पप्पा, तू भियालंस?" मीराने विचारलं. मी हो म्हटलं.

थोड्या वेळाने वरून आईचा आवाज आला. कुणाला तरी झकास शिव्या घालत होती. माकडं असावीत. सुषमा हसायला लागली. माझे मात्र डोळे भरून आले.