वीस कडाक्यांचा नियम

धोंडीराम गावित यांची कागदोपत्री ओळख एका ओळीत संपते: सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये विजेच्या मोटारींच्या कॉइल गुंडाळणारे कामगार, मूळ गाव पेठ तालुक्यातला एक पाडा. त्यांच्या आयुष्यात रेडिओ आला तो १९९७च्या भातकापणीत. त्या वर्षी त्यांची धाकटी बहीण चिमणाबाई हिचा नवरा झिपरू भर शेतात वीज पडून गेला.

वीज पडते तेव्हा अतिशय कमी कंपनसंख्येच्या रेडिओलहरी निघतात. योग्य रिसीव्हर असेल तर ढग डोंगराआड असतानाच इअरफोनमध्ये कोरडा कडाका ऐकू येतो. एका हौशी रेडिओवाल्याकडून हे कळल्यावर धोंडीरामांनी लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून स्वतःच एक रिसीव्हर बनवला. तो मंद होता. फार लांबचे त्याला ऐकू येत नसे. नियमही त्यांनीच घालून दिला. साठ आकडे मोजेपर्यंत वीस कडाके झाले, की विळे बांधावर टाकायचे आणि घर गाठायचे. चिमणाबाई इअरफोन लावून मोजत असे. पुढचे चार हंगाम पाड्यावर कोणी दगावले नाही. याचे श्रेय चौकटीचे की योगायोगाचे, हे मला ठरवता आलेले नाही.

ऑगस्ट २००२मध्ये त्याच हौशी गृहस्थांनी दुसरा रिसीव्हर देऊ केला. उभी सळई, कान फार तीक्ष्ण, शिवाय लहानमोठे आवाज आपोआप एकसारखे करण्याची सोय. वर्कशॉपच्या गच्चीवर दोन्ही शेजारी ठेवून धोंडीरामांनी तीन रविवार मोजणी केली. आकडे जवळपास जुळले. नव्याचा आवाज अधिक स्पष्ट होता.

"नवाच घे," मालक महेश म्हणाले. "ती चौकट काय, मोडकी खिडकी वाटते."

धोंडीरामांनी नवा घेतला. जुन्याची तार एका मोटारीत गेली.

चूक त्या गच्चीवर झाली होती. सातपूरच्या विजेच्या तारांची घरघर दूरचे कडाके गिळून टाकत होती. पाड्यावर तारा पोचल्याच नव्हत्या. तिथे नव्या रिसीव्हरला शेकडो कोसांवरची वीज ऐकू येई, आणि जवळचीही तेवढ्याच आवाजात. ऑक्टोबरात कापणी सुरू झाली तेव्हा स्वच्छ उन्हात मिनिटाला चाळीस कडाके भरू लागले. बायांनी तीनदा विळे टाकले, तीनदा परत उचलले.

१३ ऑक्टोबरला, रविवारी, धोंडीराम पाड्यावर गेले.

"मामा, आज सुरतेला पडली का मुंबईला?" बांधावरून कोणीतरी ओरडले.

"दादा, तुझा डबा लय भेकड हाय," चिमणाबाई हसून म्हणाली. "आभाळ कोरडं, न् हा बोंबलतो. म्या मोजायचं सोडलं."

त्यांनी इअरफोन कानाला लावला आणि गच्चीवर काय घडले ते त्यांच्या ध्यानात आले. "जुनी चौकट परत गुंडाळून आणतो. तोवर आभाळाकडं बघ," एवढे सांगून ते परतले.

सोमवारी खंडेनवमी होती, मंगळवारी दसरा. तार गुंडाळायचे यंत्र हळदकुंकू लावून पूजेला मांडलेले.

"पूजेतल्या यंत्राला हात लावायचा नाही," महेश म्हणाले. "दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

धोंडीरामांनाही ते पटले; तसे त्यांनी मला स्वतः सांगितले. बुधवारी तार गुंडाळून झाली. गुरुवारी दुपारी चौकट मांडीवर घेऊन ते पेठच्या एसटीत बसले. घाटाच्या अलीकडे गाडी थांबली तेव्हा खाली उतरून त्यांनी मोजले. साठ आकड्यांत अठ्ठावीस. घाटमाथ्यावर मोजले तेव्हा एक्केचाळीस. ही चौकट दूरचे ऐकत नव्हती.

पेठहून जीप मिळायला पाऊण तास गेला. पाड्यावर ते पोचले तेव्हा माणसे शेताच्या मध्यावर गोळा झाली होती. चिमणाबाई कापलेल्या भातावर पालथी पडली होती; विळा हाताखालीच होता. बांधावर एकही विळा नव्हता. तिथे फक्त नवा रिसीव्हर होता, सकाळपासून चालू, आणि त्याचा कडकडाट सकाळी होता तसाच होता.