सुलभाताईंचा अहवाल

सुलभाताई गेल्या हे मला कॉलेजच्या सूचनाफलकावर वाचावं लागलं. जयपूरच्या मानसरोवर वस्तीत त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून मी राहते. पण दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. दोष माझा होता. शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "वे हमारी लायब्ररी की आत्मा थीं." मला खुर्ची उचलून फेकावीशी वाटली.

ताई साताऱ्याच्या. यजमानांची बँकेतली बदली जयपूरला झाली आणि त्या मुरलीपुऱ्यातल्या आमच्या मुलींच्या लहानशा कॉलेजात ग्रंथपाल झाल्या. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. तिथल्या नकाशात, दोन हजार साल उलटून गेलं तरी, सोव्हिएत संघ शाबूत होता. एका मुलीने विचारलं, "मॅडम, दूसरे कॉलेजों में भी ऐसा ही है क्या?" ताईंना उत्तर माहीत नव्हतं. मग ऐन मे महिन्याच्या उन्हात बस बदलत त्या चार कॉलेजांत जाऊन आल्या, आमच्याएवढ्याच लहान. "अगं नीलिमा, बरोबरीच्यांशीच मोजायचं. मोठ्यांशी मोजलं की यांना पळवाट मिळते." पुस्तकं, मासिकं, बसायच्या जागा, ग्रंथालय उघडं असण्याचे तास... सगळं स्वतः मोजलं. प्रत्येक रकान्यात आम्ही शेवटी.

प्राचार्यांनी तो अहवाल न वाचताच बाजूला सारला. पुढे तपासणी समिती येणार म्हणून आदल्या दिवशी टेम्पो भरून पुस्तकं आली, संस्थेच्याच दुसऱ्या कॉलेजातून उसनी. त्यांच्या शिक्क्यावर आमचा शिक्का मारायचा आणि नोंदवहीत चढवायची, असा हुकूम. ताई म्हणाल्या, "ही आपली नाहीत. मी लिहिणार नाही." आणि माझ्याकडे वळल्या. "तू पाहिलंस ना? माझ्या अहवालात हेही लिहिते, त्यावर सही कर. उद्या समितीच्या हातात देऊ." मी इतिहास शिकवते, माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. म्हटलं, "ताई, आत्ता नको..." त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

ताईंनी एकटीच्या सहीने दिलेला कागद समितीने प्राचार्यांकडेच सोपवला. कौतुक करून समिती गेली, पाठोपाठ टेम्पोही परत गेला. ताईंना प्रवेशअर्जांच्या खिडकीवर बसवलं. त्या अपमानाने गेल्या असं मी म्हणणार नाही. त्यांचं हृदय आधीपासूनच दुबळं होतं. पण ज्या बाईने पुस्तकांसाठी शहर पालथं घातलं, तिला शेवटची दोन वर्षं अर्जांवरचे फोटो तपासायला लावलं, आणि आम्ही सगळे विद्वान शेजारून चहाला जात होतो.

तेराव्यानंतर त्यांच्या मुलीने सही केलेली दुसरी प्रत पुढे करून अडखळत सांगितलं, "मावशी, हा आईचा रिपोर्ट... मतलब, आई बोलली होती, नीलिमाला दे." मला रडू आलं नाही. संताप आला, सर्वांत जास्त स्वतःचा. दुसऱ्या दिवशी ताईंच्या सहीखाली माझी सही करून तो अहवाल मी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. एक प्रत विद्यापीठाला पाठवल्याचंही सांगितलं.

"बैठिए मॅडम, चाय मँगवाता हूँ."

ताई त्या खोलीत कधी बसल्या नाहीत. म्हणायच्या, बसलं की चहा येतो, आणि चहा घेतला की माणूस मऊ पडतो.

मी उभीच राहिले.