खांद्याला बोर्ड

लहानपणच्या तापात माझ्या पायांतलं बळ गेलं ते गेलंच. घरभर मी बसूनच सरकते. त्याचं मला फारसं रडू आलं नाही. रडू यायचं ते दिवेलागणीला. पिंपरीतल्या भाड्याच्या खोलीत दिव्याचं बटण भिंतीवर उंच, आमचे हे कंपनीत, आणि मी खाली अंधारात बसलेली. शेजारची वहिनी कणीक मळून मोकळी झाली की यायची आणि खट्कन दिवा लावून जायची. बिचारी कधी वैतागली नाही. मीच वैतागायचे. तोवर हातमशीनवरचं शिवण तसंच पडून राहायचं आणि बायका विचारायच्या, "अजून झालं नाही होय?"

मग सत्तरच्या दशकात चिंचवडच्या पुढे माळावर आम्ही दोन खोल्या बांधल्या. हौस दांडगी, पण शेजार औषधालाही नव्हता. इथे दिवा लावायला कोण येणार होतं? शिवाय मशीनला बसवायला यांनी पुण्याहून एक जुनी मोटर आणली होती. ती सुरू झाली की चाक फिरवण्यात अडकलेला माझा हात मोकळा होणार होता. सगळं अडलं होतं ते बटण आणि प्लग कुठे बसतात त्यावर.

वायरमन आले ते चिंचवड गावातलेच, पिकल्या मिशांचे. भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि स्वतःच्या खांद्याशी पेन्सिलीने रेघ मारली.

"हे काय?" मी विचारलं.

"बोर्ड, वहिनी. बोर्ड खांद्याला असतो."

"मला खाली पाहिजे."

"खाली कुनी घेत न्हाई. पोरं बोटं घालत्यात, फरशी धुताना पानी उडतं. तशी रीतच न्हाई."

आमचे हे कंपनीत फिटर. मान डोलवत म्हणतात कसे, "त्यांचं बरोबर आहे. मी लावत जाईन ना दिवा."

असा संताप आला म्हणता! "आणि तुमची सेकंड शिफ्ट असली म्हणजे? भोंगा वाजेपर्यंत अंधारात बसू?"

मी सरकत भिंतीपाशी गेले आणि पाठ टेकून ताठ बसले. "दादा, बोर्ड खांद्याला असतो ना? मग मारा रेघ. या घरात दिवसभर हाच खांदा असतो."

वायरमननी एकदा वरच्या रेघेकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उकिडवे बसले, पेन्सिल जिभेला लावली आणि माझ्या खांद्याशी रेघ ओढली. "व्हय," म्हणाले, "हितं बसतोय." मला हसू फुटलं आणि मेले डोळेही भरून आले.

"पर माझं बी ऐकायचं," ते म्हणाले. "प्लग तीन पिनांचाच. अन् अर्थिंग केल्याबिगर लाइन जोडनार न्हाई."

ते मात्र मी मुकाट्याने ऐकलं. घरामागे यांनी खड्डा खणला, मी उंबऱ्यात बसून "अजून खोल, अजून खोल" करत राहिले. कोळसा आणि मीठ घालून त्यात लोखंडी नळी पुरली. वायरमननी सागवानी बोर्ड ठोकला, प्लगचं मोठं भोक वर, बटणं माझ्या उजव्या हाताला.

लाइन जोडली त्या दिवशी हे ओव्हरटाइमला होते. वायरमन काम आटोपून गेले, दिवस मावळला. मी हात लांब केला आणि बटण दाबलं. बंद केलं, पुन्हा लावलं. किती वेळा कोण जाणे, वेड्यासारखी! मग मशीनला बसवलेल्या मोटरचं पॅडल मांडीखाली घेऊन, अंगाच्या भाराने दाबत एक बाही जोडायला काढली. दोन्ही हातांनी.

माळाच्या वाटेवरून यांना खिडकीतला उजेड दिसला असणार. सायकल तशीच आडवी टाकून धापा टाकत दारात आले.

"कोण आलंय गं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मीच आहे."