पूल गेला का?

बाई शाळेतून आल्या की पायातल्या चपला काढायच्या आधी संगणकाच्या डब्याला हाताची पालथी बाजू लावून बघायच्या. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. डबा गरम लागला की चेहरा खुलायचा. "कोणीतरी घेतंय भाऊ," म्हणायच्या. गार लागला तर चहासुद्धा बेचव व्हायचा.

आमची घरं भिंगारमध्ये भिंतीला भिंत लागून. मी लष्कराच्या एका कोठारात मुलकी कारकून. बाई एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. एकट्याच. रविवारी पांढरी साडी नेसून चर्चला जाताना फाटकावरून "सलाम, भाऊ" म्हणायच्या, मीही सलाम म्हणायचो. एवढ्यावर आमचा शेजार कित्येक वर्षं चालला. मग एकदा त्यांच्या घरातून एसटीच्या हॉर्नचा आवाज आला, आणि मी भिंतीवरून डोकावलो.

पडद्यावर एक लाल बस चालली होती. बस चालवायचा एक खेळ असतो, परदेशी. त्यात लोक आपापल्या घरी बनवलेले रस्ते, गाड्या, गावं घालतात. त्याला मॉड म्हणतात. बाई त्यात नगर ते कोपरगाव रस्ता घालत होत्या. कोपरगाव त्यांचं माहेर.

"सगळा रस्ता?" मी विचारलं.

"अर्धा करून काय करू? मधेच उतरवून देऊ का पॅसेंजर?"

सुट्टी लागली की बाई एसटीत खिडकीशी बसून फोटो काढत जायच्या. हॉटेलांच्या पाट्या, उसाच्या गाड्या, थांब्यावरची लिंबं. एकदा कंडक्टरला संशय आला. "बाई, रस्त्याचा सर्व्हे हाय का?" बाई त्याच्याच बोलीत म्हणाल्या, "व्हय, पर सरकारी न्हाई." तो म्हणाला, "मग लवकर हुईल."

आता असला रस्ता म्हणजे केवढी अवजड फाईल. फुकटात ठेवायच्या जागा थोड्या, आणि तिथेही महिन्याभरात पुसून टाकतात. म्हणून बाई टोरंटनं वाटायच्या. तो शब्द ऐकून मी दचकलो. आमच्या ऑफिसात तो चोरीच्या सिनेमांसाठीच माहीत. "बाई, पोलीस येतील," मी म्हणालो. बाई हसल्या. "घर माझं, किल्ली माझी. चोरी कोणाची झाली?"

मग मला समजेल असं सांगितलं. चर्चमध्ये एकदा गाण्याचं पुस्तक एकच होतं, गाणारे पुष्कळ. पाळकांनी पानं सुटी करून वाटली. ज्यानं त्यानं आपलं पान उतरवलं, शेजाऱ्याला दिलं, शेजाऱ्याचं घेतलं. दुपारपर्यंत सगळ्यांकडे सगळं पुस्तक. "तसंच हे. तुकडे सुटतात आणि घेणारेच एकमेकांना देतात. फक्त पहिलं पुस्तक ज्याच्याकडे, त्यानं तोवर उठायचं नाही."

घेणारे मात्र उठायचे. आपलं उतरून झालं की संगणक बंद. बाईंना याचा फार राग. खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर त्या वर्गात लिहावं तसं लिहायच्या, "पंगत चालू आहे. आपलं पोट भरलं म्हणून लगेच हात धुवू नयेत." कोल्हापूरचे, जालन्याचे, कुठल्या कुठल्या देशांतले बाप्ये त्यांना "सॉरी मॅडम" म्हणायचे. बाईंकडे पंखा एकच होता. तो डब्याकडे तोंड करून, आणि बाई स्वतः पुठ्ठ्याच्या पॅडनं वारा घेत बसलेल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पाहुण्याला पाट देतात आणि आपण उंबऱ्यावर बसतात.

दुसरी प्रत त्या कुठेच ठेवायच्या नाहीत. मी म्हटलं, एखाद्या डिस्कवर घालून ठेवा. "कशाला? माझी प्रत लोकांकडे असते."

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन ठरलं. इकडे रस्ता शिर्डीपर्यंत लोकांकडे पोचला होता, शेवटचा भाग तेवढा राहिला होता, कोपरगावचा, गोदावरीच्या पुलाचा. बाईंनी दवाखान्याची तारीख पुढे ढकलून तो संपवला. सगळा रस्ता नव्यानं एकत्र बांधला, टोरंटवर सोडला, आणि सकाळी घराची किल्ली माझ्या हातात दिली.

"भाऊ, एकच काम. डबा बंद करू नका. पूर्ण अजून कोणाकडे नाही. एकाकडे तरी पूर्ण जाऊ द्या, मग खुशाल बंद करा. आपलं इंटरनेट गोगलगाय आहे, दिवस लागतील."

मी हो म्हणालो. रोज जाऊन बघत होतो. पडद्यावर दोन आकडे. फाईल केवढी, आणि आतापर्यंत दिलं किती.

पारनेरकडे भाचीचं लग्न होतं. निघायच्या दिवशी दुपारी आभाळ आलं, वीज कडाडायला लागली. मी बाईंच्या घरात जाऊन आकडे पाहिले. दिलेलं फाईलपेक्षा जास्त झालं होतं. माझं आयुष्य कोठारात गेलंय. आमच्याकडे जावक साठ्याइतकी झाली की माल संपला, कुलूप लावा. दिलेली वस्तू पुन्हा देता येत नाही. मला वाटलं, सगळं गेलं, वर थोडं जास्तच गेलं. वायर भिंतीतून काढली आणि बाईंना फोन लावला.

"बाई, गेलं सगळं."

"सगळं?" आवाज खोल गेलेला. "पूल गेला का?"

"गेला."

"देव भलं करो भाऊ तुमचं. आता डॉक्टरांना म्हणते, करा बाबा काय करायचं ते."

हे इतके दिवस मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. पडद्यावर शेजारीच एक खूण होती, घेणाऱ्यांपैकी कोणाचं पूर्ण झालंय ते दाखवणारी. बाईंनी मला बोट ठेवून दाखवली होती. मी तिकडे पाहिलं नाही. टेम्पोवाला बाहेर हॉर्न देत होता.

ऑपरेशन झालं. बाई शुद्धीवर आल्याच नाहीत.

कोपरगावहून त्यांचा भाचा आला घर रिकामं करायला. चांगला माणूस, शेती करतो. "मामा, आत्याचा कम्प्युटर संडे स्कूलला देतोय. साफ करून दिल्याला बरा, न्हाई का?" मी म्हणालो, "दे की. आतलं सगळं पोचलंय लोकांकडे." डबा टेम्पोत ठेवताना एक बाजू मीच धरली होती.

पुढे बाईंची बातमी कळवावी म्हणून मुलीकडून त्या ग्रुपवर शिरलो. तिथे रोज एकच प्रश्न. मॅडम, चालू करा ना. सगळ्यांचं काम शंभर टक्क्यांच्या जरा अलीकडे अडकलं होतं, एकाच ठिकाणी. तेच तेच तुकडे दहा जणांना गेले होते आणि दिलेल्याचा आकडा फुगला होता. एक तुकडा बाईंच्या डब्यातून बाहेर पडलाच नव्हता. आणि त्या एका तुकड्यावाचून बांधलेली फाईल उघडत नाही. जुना, शिर्डीपर्यंतचा रस्ता तेवढा लोकांकडे राहिला. तिथं डांबर संपतं आणि बस उभी राहते.

मी संडे स्कूलमध्ये धावलो. लेकरं त्याच डब्यावर गाण्यांचे व्हिडिओ बघत बसली होती. तरी विनवण्या करून डबा नगरमधल्या एका दुकानात नेला. दुकानदारानं उघडून बघितला. "काका, पुसलेल्यावर लई नवं भरलंय. न्हाई निघायचं." पैसेही घेतले नाहीत त्यानं.

ग्रुपवर मी खरं ते लिहिलं. शिव्या येतील म्हणून वाट बघितली. एकानं हात जोडलेलं चित्र टाकलं, मग दुसऱ्यानं. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यातले काही जण अजून आपापली अडकलेली फाईल चालू ठेवून बसलेत. मीही माझ्या संगणकावर ती लावली. माझीही तिथेच थांबली. सगळ्यांकडे तेच आहे, कोणी कोणाला काही देऊ शकत नाही.

एकानं मात्र वेगळा निरोप धाडला. कोपरगावचाच, आता बाहेरच्या देशात गाडी चालवतो. आई-बाप गेले, इकडे येणं होत नाही. "काका, तुम्ही शेजारी होता म्हणता. पूल पाहिला का तुम्ही?"

पाहिला होता. बाईंनी पुण्याला जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मला हाक मारून शेजारी बसवलं होतं आणि बस कोपरगावात नेली होती. मी त्याला आठवेल ते लिहिलं. बस पुलावर चढते तेव्हा हँडल जरा थरथरतं. पाणी थोडंच आहे, मधे वाळूचे पट्टे. डावीकडे कठड्याला एक सायकल टेकवलेली आहे, मालक दिसत नाही. खाली घाटावर एक बाई धुणं पिळते आहे. ती कोण, हे मी विचारलं नाही. पिळलेल्या लुगड्यातून पाणी गळतं, तेसुद्धा काढलंय.

त्यानं विचारलं, "आणि उजवीकडे?"

उजवीकडे. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "आता उजवीकडे बघा भाऊ, गंमत आहे." तेवढ्यात लग्नघरातून फोन आला, टेम्पो ठरला का म्हणून. मी मान खाली घालून बोलत राहिलो. वर बघितलं तोवर बस पूल उतरली होती. मी पुन्हा दाखवा म्हणालो नाही. दाखवलं असतं त्यांनी.

मी लिहिलं, "उजवीकडे मी पाहिलं नाही."

पलीकडून आलं, "बरं काका. डावीकडचं परत सांगा."