मिठाच्या खिडकीवर दवंडी

ओर्सोलिनाचा नवरा टांकसाळीत नाणी उजळायचा. सेझिनो हे तिथलं नाणं. नव्या सेझिनोत तांबंच जास्त, चांदी नावाला. पण द्राक्षदारूच्या पिंपातला क्षार आणि मीठ घालून उकळला की तो पांढराशुभ्र निघे. त्या वाफेनंच नवरा गेला, असं ती म्हणे. चौकातल्या तिच्या मांसाच्या ठेल्यावर एक वीट असायची. गिऱ्हाइकाचं नाणं ती विटेवर घासायची. नाण्यावर तांब्याची लाल रेघ उमटली की ते परत.

मग ड्यूकचा हुकूम आला. नवा सेझिनो जुन्याच भावानं घ्यायचा. नाकारील त्याचं दुकान बंद. दवंडीवाला तुतारी फुंकून वाचून गेला. ओर्सोलिनानं वीट उचलून ठेवली. मी तिच्या शेजारचा, बोलोन्याच्या विद्यापीठात चार वर्षं साहित्य शिकून नुकताच परतलो होतो. मला वाटलं, हरली.

नोव्हेंबरात तिनं दोन डुकरं कापली. मांसाला वेळेत मीठ लागलं नाही तर वर्षाची कमाई कुजते. मीठ मिळतं फक्त ड्यूकच्या मीठ-कोठाराच्या खिडकीवर. पोतं धरायला मी बरोबर होतो. कारकुनानं तिचे सेझिनो एका बोटानं मागे सारले. इथे जुनी चांदी चालते, म्हणाला.

ती भांडली नाही. दवंडीवाल्याला घेऊन आली. आमच्याकडे दोन नाणी दिली की त्याला कुठलाही हुकूम सांगाल त्या दारात पुन्हा वाचावा लागतो. तिच्या हातातले दोन नवे सेझिनो पाहून त्यानं तोंड वाकडं केलं.

"नको असतील तर सांग," ती म्हणाली. "तुझ्यापासूनच सुरुवात करू."

त्यानं तुतारी फुंकली. माणसं जमली. 'दुकान बंद' या शब्दांपर्यंत तो आला, तशी ती कारकुनाकडे वळली.

"बोला साहेब. मीठ मोजताय, की खिडकी लावून घेताय?"

हुकूम रयतेसाठी आहे, तो पुटपुटला.

"मग त्यात तसं लिहा. थांबते मी. येत नसेल तर हा आमचा पंडित लिहून देईल."

कुणीतरी हसलं. मी पोतं पुढे धरलं. कारकुनानं मीठ मोजलं. पाठीमागे लाल नाणी घेऊन रांग लागली होती. दुपारपर्यंत कोठार रिकामं झालं.

आठवड्यानं शिपायांनी तिचा ठेला मोडला. कारण सांगितलं नाही. मी अर्ज लिहितो म्हणालो.

"अर्ज राहू दे रे," ती म्हणाली. "ते टोक धर."

उरलेली फळी आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर नेली. तिथे ड्यूकचा शिपाई चढत नाही, त्याचा हुकूमही चालत नाही. तिनं मांस मांडलं. मग शालीखालून वीट काढून फळीवर ठेवली.